विहारातला संगणक आणि दुसरे शील

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. टीपीएम २.० नसलेल्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. विहारांच्या अभ्यासिकांत दान म्हणून आलेले संगणक बहुधा असेच जुने असतात. त्यांवर पायरेटेड विंडोज, ऑफिस, फोटोशॉप टाकून काम भागवले जाते. न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील आपण विहारातच मोडतो.

परिस्थितीचे कारण आता पुरत नाही. लिनक्स मिंट अनेक जुन्या संगणकांवर चालते. अर्ज आणि हिशेबासाठी लिब्रेऑफिस आहे, तेही मराठीत. १४ एप्रिलच्या बॅनरसाठी इंकस्केप आणि गिंप आहेत. केरळच्या सरकारी शाळा तर कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकवत आहेत.

अडचणी आहेत. नोकरीत वर्ड-एक्सेल विचारतात. त्यांच्या मोफत ऑनलाइन आवृत्तीवर सराव करून घ्यावा. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागेल.

पण मुद्दा केवळ पैशांचा नाही. मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क परवानाच देतो. ज्यांना पिढ्यानपिढ्या ज्ञान नाकारले गेले, त्यांच्या मुलांनी केवळ माऊस चालवायला शिकून थांबू नये. प्रत्येक विहाराने निदान एका संगणकापासून सुरुवात करावी.