‘उपाशी या’ एवढ्यावर भागत नाही

संपादक महोदय,


मोतीबिंदू, चरबीची गाठ, अंगठ्यात रुतलेले नख अशा ऑपरेशनांसाठी रुग्ण सकाळी जातो आणि संध्याकाळच्या आत घरी परततो. त्याला बेशुद्ध करत नाहीत, तेवढा भाग फक्त बधिर करतात. पण तयारीची सूचना अनेक ठिकाणी दोन शब्दांत उरकली जाते: ‘उपाशी या.’ माझी मागणी अशी, की अशा प्रत्येक रुग्णाला त्याच्यापुरत्या सूचना मराठीत, कागदावर आणि निदान चार दिवस आधी मिळाव्यात, आणि शासनाने हे बंधनकारक करावे.

उपाशी राहण्याचा नियम मुळात पूर्ण भुलेचा आहे. बेशुद्धीत पोटातले अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ नये, म्हणून हलके अन्न सहा तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. नुसते थेंब टाकून किंवा तेवढ्या भागात इंजेक्शन देऊन ऑपरेशन होणार असेल, तर बहुधा त्याची गरज नसते. सोबत गुंगीचे औषध देणार असतील तर मात्र असते. कुणाला कोणता नियम, हे डॉक्टरांनी ठरवून लिहून द्यायला हवे.

आमच्या शेजारच्या आजींना मोतीबिंदूसाठी असेच उपाशी बोलावले होते. मधुमेहाच्या गोळीचे काय करायचे, हे कुणी सांगितले नाही. त्यांनी ती नेहमीप्रमाणे घेतली आणि नंबर दुपारी लागला. तोवर त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले. साखर घटल्याचे सिस्टरच्या वेळेवर लक्षात आले, म्हणून निभावले. ग्लिमेपिराइडसारखी गोळी रिकाम्या पोटी घेतली की हे होऊ शकते. ते टाळायला एक ओळ पुरे होती.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे तर दोन्हीकडून भय. हृदयात स्टेंट असलेला माणूस ‘ऑपरेशन आहे’ म्हणून त्या परस्पर बंद करतो आणि स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका ओढवून घेतो. दुसरा कुणी त्या घेत असल्याचे सांगतच नाही आणि जखम वाहत राहते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांना तर त्या गोळीचा डोळ्याशी संबंध असेल, अशी शंकाही येत नाही. प्रत्यक्षात तिच्यामुळे मोतीबिंदू काढताना बुबुळ सैल पडू शकते. ऐनवेळी ती बंद करून फारसा उपयोग नसतो. डॉक्टरांना आधी कळले, तर ते तयारीत राहतात. म्हणून ‘सगळ्या गोळ्या पाकिटांसह दाखवा, मनाने एकही बंद करू नका’ हे त्या कागदावर पहिले वाक्य असावे. गाठ काढायची असल्यास घरी वस्तऱ्याने केस काढू नयेत, हेही त्यात हवे. त्वचेला बारीक चिरा पडून जंतुसंसर्गाला वाट मिळते.

रुग्ण जागा असतो, म्हणून काय जाणवेल हेही त्याला आधी कळायला हवे. इंजेक्शन देताना चुरचुरते. नंतर वेदना जाते. पण स्पर्श, दाब, ओढ जाणवत राहते. औषधात अ‍ॅड्रेनलिन असेल तर थोडा वेळ छाती धडधडू शकते. हे ठाऊक नसलेल्या माणसाला भूल चढलीच नाही असे वाटते. तो घाबरतो, रक्तदाब वाढतो आणि नेमका नको त्या क्षणी हलतो.

डॉक्टरांना एवढा वेळ कुठे, असे कुणी म्हणेल. छापील कागदावर चार रकाने भरायला फार वेळ लागत नाही: काय खायचे, कोणती गोळी घ्यायची, सोबत कुणाला आणायचे, घरी गेल्यावर दुखू लागले किंवा दिसेनासे झाले तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. सगळ्यांना एकच नियम सोयीचा, हे खरे. पण ती सोय ऑपरेशनच्या यादीची आहे, मधुमेही रुग्णाची नव्हे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याही घरी वाचून दाखवणारे कुणीतरी असते. तोंडी सूचना दवाखान्याच्या गर्दीत विरते. कागद घरी जातो.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले, की पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती. राज्यानेही २०२१ मध्ये नर्सिंग होमच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद घातली. मग टेबलावर जाण्याआधी घाईघाईने संमतिपत्रावर घेतलेल्या सहीला काय अर्थ उरतो?

आरोग्य विभागाने डॉक्टरांच्या संघटनांना सोबत घेऊन मोठ्या अक्षरांतला एक पानी मराठी नमुना तयार करावा. नेत्रशिबिरांपासून खासगी रुग्णालयांपर्यंत तो सर्वांना सक्तीचा करावा आणि त्याची प्रत केसपेपरला जोडलेली नसेल, तर संमतिपत्र अपुरे धरावे. तोवर वाचकांनीही ऑपरेशनची तारीख घेतानाच सूचना लिहून मागाव्यात. तो आपला हक्क आहे.

आपली,
एक वाचक, सातारा