दंतकथा चालेल, सैनिकांची बदनामी नको

संपादक महोदय,

स्टालिनग्राडच्या लढाईवरील ‘एनिमी ॲट द गेट्स’ या चित्रपटाविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. सोव्हिएत स्नायपर वासिली झाइत्सेव आणि जर्मन मेजर कोनिग यांचे द्वंद्व घडलेलेच नाही, म्हणून चित्रपट खोटा, असा लेखाचा सूर आहे. चित्रपटात खोट आहे. पण ती या द्वंद्वात नाही.

द्वंद्वाला पुरावा नाही, हे मान्यच. इतिहासकार अँटनी बीव्हर यांनी रशियन दप्तरे तपासली. स्टालिनग्राडहून मॉस्कोला जाणाऱ्या अहवालांत स्नायपरांचे कौतुक आहे, या द्वंद्वाचा मात्र उल्लेख नाही. पण ही कथा दिग्दर्शक जाँ-जाक आनो यांनी 2001 मध्ये रचलेली नाही. खुद्द झाइत्सेव यांनी ती आठवणींत सांगितली आहे. नायक उभे करणे हा त्या युद्धातील प्रचाराचाच भाग होता. राजकीय अधिकारी दानिलोव वृत्तपत्रातून वासिलीला कसा मोठा करतो, हे चित्रपट उघडपणे दाखवतो.

माझा आक्षेप आहे तो सुरुवातीच्या प्रसंगांना. व्होल्गा ओलांडून आलेल्या सैनिकांत एकाला रायफल, दुसऱ्याला नुसती काडतुसे. मागे फिरले की आपल्याच मशीनगनचा मारा! द्वंद्वाकडे प्रेक्षक गोष्ट म्हणून पाहतो. हे मात्र तो इतिहास म्हणून लक्षात ठेवतो.

शस्त्रांची टंचाई होती. माघारीला मनाई करणारा 28 जुलै 1942 चा आदेश क्रमांक 227 खरा होता. माघार रोखणाऱ्या तुकड्याही होत्या आणि त्यांनी माणसे मारलीही. पण सोव्हिएत सुरक्षा खात्याच्याच नोंदीनुसार 1 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर 1942 या काळात सर्व आघाड्यांवर अडवलेल्या सुमारे 1 लाख 40 हजार जणांपैकी 1,189 जणांना गोळ्या घातल्या गेल्या. सुमारे 1 लाख 31 हजार जणांना पुन्हा सैन्यात धाडले. हे कठोरच होते. तरी चढाई फसताच अख्खी फौज कापून काढायची, अशी ती रीत नव्हती.

खऱ्या झाइत्सेव यांच्याकडे पाहा. ते 1937 पासून पॅसिफिक आरमारात होते आणि स्वतः मागणी करून आघाडीवर आले. 10 नोव्हेंबर ते 17 डिसेंबर 1942 या काळात 225 शत्रुसैनिक टिपल्याची सोव्हिएत नोंद त्यांच्या नावावर आहे. त्यांनी इतरांनाही ही विद्या शिकवली. जर्मन विमानांना बॉम्ब टाकताना आपलीच माणसे मरण्याची भीती वाटावी, म्हणून शहर राखणारी जनरल चुइकोव यांची 62 वी सेना शत्रूच्या फळीला चिकटून लढली. ती टिकली यामागे असे कसब आणि विचार होता. चित्रपटात मात्र एकटा वासिली माणूस ठरतो आणि बाकीचे सैनिक मेंढरे! स्टालिनग्राडच्या माजी सैनिकांनी या चित्रपटाचा निषेध केला, तो उगाच नव्हे.

म्हणून समीक्षकांना माझी विनंती आहे : युद्धपट तपासताना नायकाची गोष्ट खरी की खोटी, एवढ्यावर थांबू नका. ज्यांची नावे कुणी छापली नाहीत, त्या सैनिकांना चित्रपटाने कसे दाखवले, हे आधी विचारा. दंतकथेने नायक थोडा मोठा झाला तर फारसे बिघडत नाही; पण हजारोंचे शौर्य पुसून तो मोठा होत असेल, तर तो अन्याय आहे आणि तो तसाच म्हटला पाहिजे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे