भिंत वाशिष्ठीला रोखेल. शिवनदीच्या पाण्याचे काय?

चिपळूण : २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूण शहर बुडाले. बाजारपेठेतील दुकाने मालासकट गेली, मुंबई-गोवा महामार्गावरील पुलाचे नुकसान झाले, कोकण रेल्वे ठप्प झाली. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेलाही त्याचा फटका बसला. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर सोळा वर्षांत शहरावर कोसळलेले हे दुसरे मोठे संकट. अशा आपत्तीनंतर नदीकाठी पूरसंरक्षक भिंतीचा पर्याय पुढे येणे स्वाभाविक आहे. तो पुरेसा आहे का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

तीन दिशांचे पाणी

सह्याद्रीच्या तीव्र उतारावर पडलेला पाऊस काही तासांतच शहरात पोहोचतो. कोयनेचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवले जाते आणि वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते. पुरात या पाण्याचा वाटा किती, यावर २०२१ नंतर बराच वाद झाला. तिसरे पाणी समुद्राचे. दाभोळच्या खाडीतून भरती गोवळकोटपर्यंत चढते. २०२१ मध्ये पूर आला तेव्हा पौर्णिमा अवघ्या दोन दिवसांवर होती. खाली भरती आणि वर पूर अशी गाठ पडली, की पाण्याचा निचराच थांबतो.

भिंतीच्या आतील पाणी

भिंत पाण्याची पातळी कमी करत नाही. पसरणाऱ्या पाण्याला फक्त अडवते. पात्र आवळले गेल्याने ते पाणी समोरच्या काठावर आणि वरच्या अंगाच्या वस्त्यांवर चढू शकते. शिवाय शिवनदी शहरातून वाहत येऊन वाशिष्ठीला मिळते. तिच्या मुखाशी दरवाजे बसवले नाहीत, तर पुराचे पाणी तिथून उलटे शिरेल. बसवून बंद केले, तर शहरात पडणारा पाऊस आतच कोंडेल. त्यासाठी पंप हवेत. मुंबईत हाजी अली, लव्हग्रोव्ह येथे भरतीच्या वेळी पंपांनीच पाणी समुद्रात टाकले जाते. मात्र तो खर्च मुंबई महापालिकेला पेलतो. नगर परिषदेला तो पेलेल का आणि ऐन पुरात वीज गेल्यास पंप कशावर चालतील, याची उत्तरे भिंतीच्या आराखड्यातच असायला हवीत.

उंची कोणत्या पुराची?

निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेपुरती भिंत बांधली, तर त्याहून मोठ्या पुरात ती ओलांडून आलेले पाणी बाहेर पडायलाही वाट उरणार नाही. लाल रेषेइतकी बांधायची, तर खर्च आणि जागा दोन्ही वाढतात. या रेषांमुळे जुन्या बाजारपेठेतील बांधकामांवर निर्बंध येतात. त्यामुळे भिंत झाली की निर्बंध शिथिल होतील, अशी आशा व्यापाऱ्यांना वाटणे समजण्याजोगे आहे. मात्र त्याच आशेवर नवी बांधकामे उभी राहिली, तर पुढच्या पुरातील हानी वाढेल.

गाळ काढण्यासाठी २०२१ च्या अखेरीस नागरिकांना साखळी उपोषण करावे लागले. त्यानंतर कामाला वेग आला. परंतु डोंगरउतारांची धूप थांबत नाही तोवर गाळ पुन्हा साचणारच. त्यामुळे हे काम दरवर्षीचे आहे. भरतीच्या वेळा तर वर्षभर आधी ठाऊक असतात. अतिवृष्टीच्या दिवसांत कोयनेची वीजनिर्मिती त्या वेळांशी जुळवून घेणे हा भिंतीहून कितीतरी स्वस्त उपाय आहे. गाळ, विसर्ग आणि शिवनदी यांची व्यवस्था लागली, तरच भिंतीचा उपयोग होईल. एरवी पुढच्या पावसाळ्यात पाणी भिंतीच्या आत साचलेले दिसेल.