जुन्या ॲम्प्लिफायरचे मोल

जुनी वस्तू विकायला निघाली की माणसे बहुधा दोन टोकांना जातात. एकजण तिला अडगळ समजून भंगारवाल्याच्या तराजूत घालतो. दुसरा, ती जुनी आहे एवढ्याच पुण्याईवर तिला रत्न ठरवून बसतो. गिटारला जोडल्या जाणाऱ्या जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरांबाबत आमच्या भोपाळात मला ही दोन्ही टोके दिसतात, आणि दोन्हींत नुकसान होते ते वस्तूचेच.

अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 1946 साली आपली कंपनी काढली. लंडनच्या जिम मार्शल यांचा पहिला ॲम्प्लिफायर 1962 सालचा. त्यांच्या जुन्या पेट्यांना परदेशी संग्राहक मोठी किंमत मोजतात. पण आयातीवर निर्बंध असलेल्या त्या काळात अशा पेट्या आपल्याकडे कितीशा आल्या? आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी गिटार जोडली ती दिल्लीच्या अहुजाच्या नाही तर मुंबईच्या शिकागो रेडिओच्या सभा-समारंभाच्या ॲम्प्लिफायरला. स्वातंत्र्यापूर्वी काँग्रेसच्या सभा ज्यांच्या कर्ण्यांनी दुमदुमल्या, तेच हे शिकागो रेडिओ. भेलचा कारखाना आला, त्याबरोबर पिपलानी-बरखेड्याकडे मराठी कुटुंबे आली आणि गणेशोत्सवही आला. तिथे आरती, अध्यक्षांचे भाषण आणि रात्रीची हवाईयन गिटार, सारे एकाच पेटीतून ऐकू येई. तेव्हा परदेशी यादीतला आकडा उचलून या पेटीवर चिकटवणे म्हणजे पी हळद नि हो गोरी.

मग पारख करावी कशी? माझे मत असे, की ती तंबोऱ्यासारखी करावी. मिरजेच्या जुन्या तंबोऱ्याच्या तारा बदलल्या म्हणून त्याचे मोल कोणी कमी करीत नाही; पण भोपळाच बदलला तर तो तंबोरा दुसरा झाला. ॲम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह आणि वीज साठवणारे मोठे कंडेन्सर या त्याच्या तारा होत. कंडेन्सर वीस-तीस वर्षांत आतून सुकतात, पेटी गुणगुणू लागते. ते बदलणे हा दोष नव्हे, ती निगा आहे. भोपळा म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. आवाजाचा मोठा भाग त्याच्यावर अवलंबून असतो, आणि मूळचा जळाला तर तसाच दुसरा मिळणे कठीण.

एकदाही डाख न लागलेली पेटीच सर्वांत मोलाची, असे काही संग्राहक म्हणतात. काचेच्या कपाटात ठेवायची असेल तर त्यांचे म्हणणे खरे. पण वाजवणाऱ्याला कधीच न दुरुस्त झालेली जुनी पेटी म्हणजे बहुधा मुकी पेटी, आणि धोक्याचीही. तिच्या आत तीनशे-चारशे व्होल्टचा दाब खेळतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरात तो काही काळ दबा धरून बसतो. म्हणून आत हात घालण्याचे काम जाणत्या मिस्त्रीचेच.

विकत घेणाऱ्याने निदान एवढे तरी पाहावे. स्पीकर जोडल्याशिवाय पेटी सुरू करू देऊ नये. तशाने आउटपुट ट्रान्सफॉर्मरच जळण्याची भीती असते. मिस्त्रीकडून प्रथम शंभर वॅटचा दिवा सिरीजमध्ये लावून घ्यावा. तो भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. अमेरिकन पेटी 110 व्होल्टची असू शकते. ती आपल्या 230 व्होल्टवर सरळ लावली की खेळ संपला. वर्षाचा दावा असेल तर आवाजाच्या बटनामागच्या पोटेन्शिओमीटरवरचे आकडे वाचावे. 137 6532 असे असेल तर 137 ही बनवणाऱ्या कंपनीची खूण, आणि पुढचे 1965 सालचा बत्तिसावा आठवडा. भाग मूळचा असेल तर पेटी त्याहून जुनी असूच शकत नाही, मग विकणारा काहीही सांगो. आणि किंमत ठरवताना लोक काय मागतात ते न पाहता, तशी पेटी खरोखर कितीला विकली गेली ते विचारावे. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करावा.

विकणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. काय बदलले, कधी बदलले, हे कागदावर लिहून पेटीबरोबर द्यावे. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेतला असेल तर तसे स्पष्ट सांगावे. मूळचा म्हणून खपवू नये. किंमत थोडी उतरेल, पण पेटी वाजती राहील. आणि प्रचंड ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या या गावात ते काम जाणणारा हात शोधून सापडणार नाही, असे मला वाटत नाही.

मंडळाच्या कोठीत किंवा वडिलांच्या माळ्यावर अशी पेटी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एखाद्या मिस्त्रीला ती दाखवावी, एवढेच माझे सांगणे. तराजूला तांबे कळते, सूर कळत नाही. आणि एकदा तांब्यासाठी फुटलेली पेटी पुन्हा कोणत्याही किमतीला परत येत नाही.