शेतात हिरवं पान मांडवात मान का टाकतं? तोटा वाटेत होतो

शहापूर : तुळशीचं लग्न लागलं की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतले हॉल बुक व्हायला लागतात. स्टेजला फुलांइतकीच शोभेची पानंही लागतात : अरेका पाम, ड्रेसिना, मॉन्स्टेरा, फर्न, अस्पॅरॅगस. आपल्या शहापूर, मुरबाडकडे आंब्या-चिकूच्या सावलीत ही झाडं येऊ शकतात आणि कल्याण, दादरचे फूलबाजार हाकेच्या अंतरावर आहेत. मग पैसा का उरत नाही?

माझाच अनुभव सांगतो. मागच्या उन्हाळ्यात दुपारी पानं कापली, कोरड्याच जुड्या बांधल्या आणि टेम्पोत टाकल्या. बाजारात पोचेपर्यंत पानांनी माना टाकल्या होत्या. व्यापाऱ्याने निम्मा भाव दिला. राग आला, पण चूक माझीच होती.

पान कापलं तरी ते जिवंतच असतं. त्यातून पाण्याची वाफ होतच राहते, पण मुळाकडून येणारं पाणी बंद होतं. कापल्या जागी देठाच्या नळ्यांत हवा शिरते. नंतर बादलीतल्या घाण पाण्यातले जंतू त्याच नळ्या बुजवतात. म्हणून बादली भरलेली असूनही पान तहानलेलंच राहतं.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. कापणी पहाटे करा. कोवळं पान लगेच सुकतं, म्हणून पूर्ण वाढलेलं, निबर झालेलंच घ्या. कापल्याबरोबर देठ घासून धुतलेल्या बादलीत बुडवा, जुड्या सावलीत ठेवा. पाण्यात बुडणारी खालची पानं काढून टाका. बाजारात पोचल्यावर देठ पुन्हा इंचभर तिरके कापा. लिटरभर पाण्यात एक मिली साधं द्रव ब्लीच पुरतं. ब्लीच आणि लिंबू मात्र कधीच एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. नुसती साखर टाकली तर जंतूच वाढतात. पिकल्या आंब्या-केळ्यांजवळ जुड्या ठेवू नका. फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने काही पानं पिवळी पडून गळतात.

फ्रीजचं गणितही वेगळं आहे. अस्पॅरॅगसला २ ते ४ अंशांची थंडी चालते. पामसारखी उष्ण भागातली काही पानं एवढ्या थंडीत काळी पडू शकतात. सगळा माल एकाच थंडीत ठेवला तर निम्मा जातो.

पण सगळा भार शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही. भातसा, तानसा, मोडकसागर आपल्या तालुक्यात, तरी उन्हाळ्यात आपल्याच गावपाड्यांना टँकर लागतो. अशा पाण्यावर वाढवलेलं पान वाटेत वाळलं, तर पाणीही वाया आणि मेहनतही. बाजारात माल उतरतो तिथे सावली आणि स्वच्छ पाण्याचा नळ, एवढं जरी झालं तरी मोठं काम होईल. शेतकरी गटांनी बाजार समितीकडे ही मागणी लेखी द्यावी.

हॉलवाला प्लास्टिकची पानं लावतो, कारण ती सुकत नाहीत. आपलं पान दोन दिवस जास्त टिकलं, तर त्याला आपल्याकडे यायला कारण मिळेल. बादली आजच घासा.