दाढी करताना शिकलेली बंगाली

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यातला कलकत्त्याचा एक प्रसंग मनातून जात नाही. सरकारी समितीच्या कामासाठी त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे तिथे मुक्कामाला होते. बंगाली वाचता येत नाही म्हणून रमाबाईंनी दारावर आलेले वर्तमानपत्र परत पाठवले. न्यायमूर्तींना ते रुचले नाही. त्यांनी बंगालीची पुस्तके आणली आणि स्वतःच शिकायला बसले. दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाच ते अक्षरे आणि उच्चार विचारू लागले! पुढे तीच भाषा त्यांनी रमाबाईंना शिकवली.

बायकोसाठी शिकवणी लावून देणे त्यांना सहज जमले असते. (आपणही पुष्कळदा तेवढ्यावरच भागवतो.) पण त्यांनी आधी स्वतः पाटी हातात घेतली, आणि ते रमाबाईंनी पाहिले. हे पाहायला मिळणे मला फार मोलाचे वाटते. मनात माया असून भागत नाही, ती समोरच्याला दिसावी लागते.

रमाबाईंचे कष्ट तर याहून मोठे. १८७३ साली लग्न होऊन आलेली ही मुलगी घरातल्या बायकांचे टोमणे सोसत शिकली, इंग्रजीसुद्धा.

हे सारे वाचताना मला माझ्या वडिलांची आठवण झाली. साठीनंतर ते मोबाइलवर मराठीत टाइप करायला शिकले, केवळ परगावच्या नातीसाठी. त्यांचा पहिला संदेश तीन शब्दांचा होता, ‘जेवलीस का बाळा’. तो लिहायला त्यांना अर्धा तास लागला.