अंगणातील फुलझाडे आणि घरचे मांजर

शेतकीच्या मासिकात मांजराविषयी मजकूर कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यांस आमचे उत्तर एवढेच की, ज्याच्या घरी वर्षाचे धान्य कणगीत पडून असते त्याने तरी हा प्रश्न विचारू नये. उंदीर जितके खातो त्याहून अधिक नासवितो, आणि त्याचा बंदोबस्त बिनपगारी करणारा चाकर म्हणजे मांजर. बैल आजारी पडला तर घरधनी रात्र जागून काढतो. मांजर मेले तर ते उकिरड्यावर जाते व कारण कोणी विचारीत नाही. ते विचारले पाहिजे, कारण कधी कधी ते आपल्याच अंगणात उभे असते.

अलीकडे घरे पक्की झाली, पाणी दारापर्यंत आले, आणि रोपवाटिकेतून शोभेची झाडे आणून लावण्याची हौस खेड्यापाड्यांतही वाढली. आमचा आक्षेप या हौसेस नाही. झाड घेताना आपण रंग पाहतो, वास पाहतो, किंमत कमी करून घेतो. परंतु या झाडास ज्याचे तोंड लागेल त्याचे काय होईल, हे विचारीत नाही. आक्षेप आहे तो या बेपर्वाईस.

मांजर मांसाहारी खरे, तथापि ते गवत व कोवळी पाने चघळते हे सर्वांनी पाहिले आहे. शिवाय ते दिवसातून अनेक वेळा अंग चाटते. त्यामुळे केसांवर पडलेला फुलातील पराग आयताच पोटात जातो. त्यातून त्याचे शरीर लहान, आणि काही विषारी द्रव्ये निकामी करण्याची जी शक्ती माणसाच्या यकृतात आहे ती मांजराच्या यकृतात फार थोडी. माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजरास मारक ठरते ती याच कारणाने. तेव्हा ‘आम्हांस काही होत नाही, मग मांजरास काय होणार’ हा युक्तिवाद मुळातच लंगडा आहे.

सर्वांत घातक फूल म्हणजे खरी लिली. मोठ्या पाकळ्यांची, सुवासिक अथवा रंगीत, हरितगृहात वाढवून पुष्पगुच्छांसाठी शहरांत विकली जाते ती, आणि तिच्यासारखीच डे-लिली. हिचे पान, पाकळी, पराग, इतकेच नव्हे तर फुले ठेवलेल्या भांड्यातील पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करते. पहिल्या काही तासांत मांजर ओकते, खाणे सोडते, कोपऱ्यात बसते. मग ओकारी थांबते व घरच्यांस वाटते की बरे झाले. वस्तुतः त्याच वेळी आत मूत्रपिंडे बंद पडत असतात, आणि उपचार न झाल्यास तीन ते सात दिवसांत ते मरते. कुत्र्याच्या मूत्रपिंडांवर या फुलाचा असा परिणाम होत नाही, यावरून एका जनावराचा अनुभव दुसऱ्यास लावणे किती धोक्याचे आहे हे दिसून येईल.

येथे नावाचा घोटाळा ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडे बाजारात जुड्या बांधून ‘लिली’ म्हणून जी पांढरी कळी विकली जाते ती स्पायडर लिली. ती निराळ्या कुळातील आहे. तिच्या कंदाने ओकारी व जुलाब होतात, पण मूत्रपिंडांचा वरील रोग होत नाही. पीस लिलीने तोंडाची आग होते, लाळ गळते. कर्दळीस इंग्रजीत कॅना लिली म्हणतात, ती तर निरुपद्रवी आहे. एकाच नावाखाली एक मारक, दोन त्रासदायक व एक निर्दोष अशी चार झाडे आली, तर खरेदीदाराने काय समजावे?

लिलीचा विषय मांजरापुरता झाला. कण्हेरीचा विषय गोठ्यापर्यंत जातो. तांबडी असो, पांढरी असो वा पिवळी, म्हणजे बिट्टी असो, तिच्या सर्व भागांत हृदयाची गती बिघडविणारे विष आहे. तांबड्या कण्हेरीची मध्यम आकाराची दहा-वीस पाने मोठ्या गाईस मारण्यास पुरी पडतात. हिरवे पान कडू असल्यामुळे जनावर सहसा तोंड लावीत नाही. परंतु छाटलेल्या फांद्या सुकल्या म्हणजे कडवटपणा कमी होतो, विष मात्र तसेच राहते. छाटणी करून डहाळ्या गोठ्याजवळ टाकणे म्हणजे दाव्याच्या जनावरापुढे विष वाढून ठेवणे होय. सायकसच्या बियांनी यकृत बिघडते, कळलावीचा कंद प्राणघातक आहे, आणि कुंडीतली साधी पानफुटीही हृदयास अपायकारक आहे.

खेड्यात जनावर एकाएकी मेले म्हणजे पहिला संशय शेजाऱ्यावर येतो. आमचे आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरात गेले. बांधाच्या तक्रारींच्या अर्जांत ‘आमच्या जनावरास विष घातले’ हे एक कलम जोडलेले आम्ही अनेकदा वाचले आहे. त्यांचे खरेखोटे करणे आमच्या हाती नव्हते. परंतु एकाही अर्जदाराने बांधावरील कण्हेरीकडे बोट दाखविलेले आम्हांस आठवत नाही. सातबाराच्या उताऱ्यावर विहिरीची नोंद होते, झाडांची होते, पोटखराब्याची होते. झाडातील विषाची नोंद मात्र मालकाने स्वतःच्या मनात ठेवावयाची असते.

कोणी म्हणतील की, कण्हेरीचे फूल देवास वाहण्याचे आहे, वाडवडिलांनी ते लावले. खरे आहे, आणि ती उपटा असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे जागेविषयी आहे. कण्हेर गोठ्यापासून, वैरणीच्या गंजीपासून व जनावरांच्या पाण्यापासून दूर असावी, आणि छाटणी खोल पुरावी. ज्या घरी मांजर आहे त्या घरात खरी लिली फुलदाणीतही आणू नये. गुलाब, मोगरा, जाई, जुई, झिनिया, जरबेरा इतकी निर्भय फुले असताना एका फुलाचा हट्ट कशास धरावा?

चुकून असे झाड खाल्लेच तर मीठपाणी, तेल, दूध पाजून वेळ दवडू नये. अंगावर पराग असल्यास ओल्या फडक्याने पुसावा, झाडाची डहाळी बरोबर घ्यावी व सरळ पशुवैद्याकडे जावे. लिलीच्या बाबतीत पहिल्या 18 तासांत शिरेवाटे सलाईन देणे सुरू झाले तर मांजर वाचण्याची आशा पुष्कळ असते. लघवी बंद झाल्यावर ती फार थोडी उरते. लक्षणांची वाट पाहत बसणारा ही मुदत हातची घालवितो.

शेवटी आमच्याच बंधूंस दोन शब्द. आपल्यांपैकी कित्येकजण आता फुलशेती करतात, कित्येकांच्या रोपवाटिका आहेत. विलायतेत काही दुकानदार लिलीच्या जुडीवर मांजरास धोका असल्याची सूचना छापतात. आपणही रोपास व जुडीस एक चिठ्ठी लावून तीवर खरे नाव आणि ‘जनावरास विषारी’ हे दोन शब्द का लिहू नयेत? यास खर्च जवळजवळ नाही. विक्री घटेल ही भीती आम्हांस खरी वाटत नाही; घटली तरी ती ज्यांच्या घरी मांजर आहे तेवढ्यांपुरतीच घटेल, आणि त्यांनी ते फूल न घेणेच योग्य आहे. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर विषाची खूण नसेल तर आपण दुकानदारास जाब विचारतो. जी अपेक्षा आपण दुसऱ्याकडून करतो, ती आपल्या मालाच्या बाबतीत आपण प्रथम पुरी करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.